पाणी एक, पंगत वेगळी

(घाटघर, ता. जुन्नर, येथील शाळेत ग्रामस्थ व शिक्षकबंधूंच्या बैठकीत केलेले भाषण)



आज मी कशावर बोलणार हे कळताच आपल्यांतील एका वडीलधाऱ्या गृहस्थांनी मला वाटेतच गाठले आणि विचारले, "गुरुजी, आपल्या घाटघरात ना चर्च, ना पाद्री. मग ख्रिस्ती लोकांच्या घरातल्या भांडणाशी आपल्याला काय करायचंय?" प्रश्न रास्त आहे. मी त्यांना एवढेच म्हणालो, "दादा, भाषण संपेपर्यंत बसा. उत्तर मिळाले नाही तर भर सभेत माझा कान धरा." तेव्हा त्यांचा अधिकार मान्य करूनच मी सुरुवात करतो.

माझे एक शिक्षकमित्र आहेत. ते नगरकडचे, म्हणजे आज ज्याला अहिल्यानगर म्हणतात त्या जिल्ह्यातले. घराणे चार पिढ्या ख्रिस्ती, अमेरिकन मिशनच्या मंडळीतले, म्हणजे प्रॉटेस्टंट. त्यांच्या धाकट्या भावाने मुलगी पसंत केली ती वसईकडची. तीही ख्रिस्ती, पण रोमन कॅथलिक. मला वाटले, चला, धर्म एक, देव एक, ग्रंथ एक. हळद लागायला उशीर कशाला? पण मित्राचा चेहरा उतरलेला. त्यांची आई म्हणत होती, "पोरगी चांगली आहे रे, पण ती रोमन. त्या लोकांत मूर्तींपुढे मेणबत्त्या लावतात, मरियाबाईची प्रार्थना करतात. आपल्या वाडवडिलांनी मूर्ती सोडल्या त्या कशासाठी?" आणि तिकडे वसईला मुलीचे आजोबा म्हणत होते, "मुलगा गुणी आहे, पण त्यांच्यात ना मिस्सा, ना संत, ना पोपसाहेब. चार भिंती आणि एक बाजाची पेटी, ह्याला का देऊळ म्हणायचे?"

मंडळी, दोन्ही घरांतून एकच प्रश्न निघत होता. तो मी माझ्या कानांनी ऐकला. "समोरचे माणूस खरोखर ख्रिस्ती आहे का?"

मला हसू आले, हे मी कबूल करतो. त्या हसण्याचा हिशेब मी पुढे देणार आहेच. पण आधी हे भांडण आहे तरी काय, ते समजून घेऊ. न समजता हसणे हे मास्तराला शोभत नाही.

आपल्या गावाच्या कडेला नाणेघाट आहे. सातवाहनांच्या काळापासून कोकणातला माल ह्या वाटेने वर येई. घाटमाथ्यावर दगडाचा मोठा रांजण आहे. त्यात जकातीची नाणी टाकीत, असे आपले वाडवडील सांगत आले. वाट देवाने केलेल्या डोंगरातून, चालणारे पाय वाटसरूचे, आणि जकात मात्र मध्ये बसलेल्याची. प्रॉटेस्टंट आणि कॅथलिक ह्यांचे भांडण ह्या रांजणापाशीच सुरू झाले असे समजा.

इ. स. १५१७ साली जर्मनीत मार्टिन लूथर नावाच्या साधूने हरकत घेतली. तेव्हा रोमच्या चर्चच्या नावाने क्षमापत्रे विकली जात. पापाची शिक्षा पैसे देऊन कमी होते, अशी लोकांची समजूत करून दिली जाई. लूथर म्हणाला, माणूस तरतो तो देवाच्या कृपेने व विश्वासाने; त्या वाटेवर कोणाला नाके घालण्याचा अधिकार नाही. शास्त्र लोकांच्या भाषेत लोकांच्या हाती द्या, म्हणजे मधल्या माणसाची गरज उरणार नाही. ह्यावर रोमचे उत्तर असे, की बाबा, गैरव्यवहार सुधारू. पण ख्रिस्ताने चर्च स्थापिले, प्रेषितांनी आपले अधिकार बिशपांना दिले, आणि ती परंपरा मोडून प्रत्येकाने आपापले शास्त्र आपणच लावावयाचे ठरविले, तर घरोघर एकेक पोप होईल. १५४५ ते १५६३ ह्या काळात ट्रेंट येथे कॅथलिक धर्मपरिषद भरली. तिने क्षमापत्रांचा बाजार बंद केला, पण लूथरच्या मुख्य मतावर बहिष्काराचा शिक्काही मारला.

आपल्याला वाटेल, की ह्यात लूथरची बाजू आपली. ज्या समाजाने लग्नात, श्राद्धात, सत्यनारायणात मध्यस्थाचे ओझे वाहिले त्याला असे वाटणे साहजिक आहे. आपल्याच तालुक्यातील ओतूरच्या शेतकऱ्यांनी एकोणिसाव्या शतकात सत्यशोधक पद्धतीने भटजीवाचून लग्ने लावली, तेव्हा ग्रामजोशांनी आपल्या हक्काच्या दक्षिणेसाठी कोर्टाची पायरी चढली होती. परंतु घाई करू नका. नाके मोडणाराच पुढे आपले नाके बांधतो, हाही जगाचा अनुभव आहे. आणि जुने घर सांभाळणारा प्रत्येक जण लुटारू असतो असेही नाही.

आता हे युरोपातले भांडण आपल्या मराठी मुलखात कसे आले ते पाहू. ते दोन वाटांनी आले, आणि दोन वाटांमध्ये जवळजवळ तीनशे वर्षांचे अंतर होते.

पहिली वाट समुद्राची. पोर्तुगीजांनी १५१० मध्ये गोवा घेतला आणि १५३४ मध्ये वसई मिळविली. त्यांच्याबरोबर रोमन कॅथलिक धर्म आला. त्या राज्यात जुलूम झाला, हे लपविण्यात अर्थ नाही. गोव्याचे धर्मन्यायालय १५६० साली सुरू झाले व ते कायमचे बंद व्हावयास १८१२ साल उजाडले. पण त्याच काळातली दुसरी गोष्टही ध्यानात ठेवा. थॉमस स्टीफन्स हा इंग्रज पाद्री १५७९ मध्ये गोव्यास आला. मायदेशी राणी एलिझाबेथच्या प्रॉटेस्टंट राज्यात कॅथलिक उपासनेस बंदी होती, आणि पुढे १५८५ च्या कायद्याने तर जेझुइट पाद्र्याने इंग्लंडात नुसते राहणे हाच राजद्रोह ठरला. त्या माणसाने आपली मराठी शिकून सुमारे अकरा हजार ओव्यांचे ख्रिस्तपुराण रचले व ते १६१६ साली छापून निघाले. म्हणजे पाहा, इंग्लंडात ज्याच्या धर्माला जागा नव्हती त्याला आपल्या ओवीने जागा दिली. पुढे १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसई जिंकली. पोर्तुगीज गेले, पण वसईचे कुपारी, वाडवळ, कोळी ख्रिस्ती आपल्या धर्मावर राहिले. जो धर्म केवळ राज्याच्या धाकाने टिकतो तो राज्याबरोबर जातो. हा गेला नाही. मुलीचे आजोबा बोलत होते ते ह्या इतिहासातून बोलत होते. त्यांच्या लेखी देऊळ, संत आणि मिस्सा म्हणजे दोन-अडीचशे वर्षे आपल्या बळावर राखलेले घर होते.

दुसरी वाट छापखान्याची व शाळेची. अमेरिकन मिशनरी १८१३ साली मुंबईस उतरले, १८३१ साली अहमदनगरास गेले. १८४२ मध्ये त्यांनी 'ज्ञानोदय' पत्र सुरू केले. त्यांनी शाळा काढल्या, मुलींना शिकविले, महारवाड्यात व मांगवाड्यात पाऊल टाकले, आणि बायबल मराठीत हाती दिले. ज्याला देवळाच्या पायरीला शिवू दिले नव्हते, त्याच्या हातात थेट देवाचे पुस्तक आले, ही काय लहान गोष्ट झाली? माझ्या मित्राची आई बोलत होती ती ह्या इतिहासातून. मूर्ती सोडणे म्हणजे तिच्या पणजोबांच्या लेखी, ज्या मूर्तीपासून त्यांना हाकलले होते तिच्या मालकांची गुलामी सोडणे होते. मग सुनेच्या हाती मरियेची मूर्ती पाहून तिचे काळीज का चरकणार नाही?

तेव्हा मंडळी, दोन म्हातारी माणसे भांडत नव्हती. दोन आठवणी भांडत होत्या.

पुढे ह्याच नगर जिल्ह्यात जेझुइट पाद्रीही आले, आणि एकाच तालुक्यात, कधी एकाच गावात, दोन्ही मंडळ्या शेजारी शेजारी नांदू लागल्या. भाषा मराठीच, पण शब्द निराळे. एकाचा धर्मगुरू 'फादर', तो ब्रह्मचारी. दुसऱ्याचा 'पाळक', तो बायकामुलांचा. एकाची 'मिस्सा', दुसऱ्याचे 'प्रभुभोजन'. एकाच्या बायबलात ७३ पुस्तके, दुसऱ्याच्यात ६६. दहा आज्ञा दोघांच्याही दहाच, पण मोजण्याची रीत वेगळी. त्यामुळे एकाची चौथी ती दुसऱ्याची पाचवी.

आता दोघांची एकमेकांवरची फिर्याद थोडक्यात मांडतो. मी वकील नाही. दोन्ही बाजू सारख्याच प्रामाणिकपणे मांडीन.

प्रॉटेस्टंट म्हणतो: देव आणि माणूस ह्यांत एकच मध्यस्थ, तो ख्रिस्त. तुम्ही मध्ये पोप घातला, पाद्री घातला, संत घातले, मरिया घातली. कानात पाप सांगून क्षमा घेता. शास्त्रात नाही ते परंपरेच्या नावावर चालविता. हा ख्रिस्ताचा धर्म नव्हे, रोमचा धर्म.

कॅथलिक उत्तर देतो: संतांची आम्ही आराधना करीत नाही, आदर करतो. आराधना देवाचीच. आपल्या शाळेत आपण ३ जानेवारीस सावित्रीबाईंच्या तसबिरीस हार घालतो, तेव्हा कागदाची पूजा करतो काय? शेजाऱ्याला आपण म्हणतो, 'माझ्यासाठी प्रार्थना करा'. तसेच संताला म्हणतो. आणि तुम्ही म्हणता केवळ शास्त्र. पण कोणती पुस्तके शास्त्र हे ठरविले कोणी? चर्चनेच ना? तुम्ही घर सोडले, आणि एकाची शंभर घरे केली. आज एक मंडळी, उद्या तिच्यातून दुसरी. ख्रिस्ताचे शरीर का असे तुकडे करून वाटून घ्यावयाचे?

ऐकलेत? दोघांच्याही बोलण्यात सत्याचा अंश आहे, आणि दोघेही दुसऱ्याच्या सगळ्यांत वाईट दिवसावर बोट ठेवून आपल्या सगळ्यांत चांगल्या दिवसाशी त्याची तुलना करतात. ही खोड केवळ ख्रिस्ती लोकांची नव्हे.

आणि ही खोड नुसत्या जिभेवर राहिली नाही. इंग्लंडात राणी मेरीच्या राज्यात, १५५३ ते १५५८ मध्ये, सुमारे २८० प्रॉटेस्टंटांस जिवंत जाळले. तिच्या बहिणीच्या राज्यात कॅथलिक पाद्र्यांस फासावर दिले. १५७२ च्या ऑगस्टात पॅरिसमध्ये प्रॉटेस्टंटांची कत्तल झाली. आपल्या हयातीतलीच गोष्ट म्हणाल तर उत्तर आयर्लंडची: १९६८ च्या सुमारास पेटलेला तंटा १९९८ च्या कराराने शमला, तोवर साडेतीन हजारांच्या आसपास माणसे मेली. ते भांडण केवळ धर्माचे नव्हते. जमीन, नोकरी, मत आणि राज्य ह्यांचे होते. पण धर्माचे नाव लावले की माणूस मारताना हात कापत नाही, हा त्यातला धडा. आणि ज्या स्कॉटिश मिशनच्या शाळेत आपले जोतिराव फुले पुण्यात शिकले, त्या मंडळीच्या १६४७ च्या विश्वासाच्या जाहीरनाम्यात पोपला ख्रिस्तविरोधी असे स्पष्ट म्हटलेले होते. असे विष दोन्हीकडच्या पुस्तकांत होते.

आता मुख्य मुद्द्यावर येतो. एक समाज दुसऱ्याला आपला मानतो की नाही हे आपण खेड्यातली माणसे कशावरून ओळखतो? पोथीवरून नव्हे. तीन गोष्टींवरून: त्याच्या हातचे पाणी चालते का, त्याच्याशी पंगत होते का, आणि त्याच्या घरी सोयरीक होते का. ह्याच तीन कसोट्या मी ह्या दोघांना लावून पाहिल्या.

पहिली कसोटी पाण्याची. ख्रिस्ती होण्याचा विधी म्हणजे बाप्तिस्मा, तो पाण्याने होतो. पित्याच्या, पुत्राच्या व पवित्र आत्म्याच्या नावाने पाण्याने बाप्तिस्मा झाला असेल, तर तो प्रॉटेस्टंट पाळकाने दिलेला असला तरी रोमचे चर्च तो खरा मानते, पुन्हा देत नाही. तसेच प्रॉटेस्टंटांतील बहुतेक जुन्या मंडळ्या कॅथलिकांचा बाप्तिस्मा मानतात. ह्यालाही अपवाद झाले. अमेरिकेतील प्रेस्बिटेरियन सभेने १८४५ साली रोमचा बाप्तिस्मा खोटा ठरविला होता, तेव्हा त्यांच्याच मोठ्या पंडितांनी त्यास विरोध केला. आणि ज्या मंडळ्या तान्ह्या मुलाचा बाप्तिस्मा मानीतच नाहीत, त्या आजही मोठेपणी पुन्हा पाण्यात उतरवितात. त्याचे दुःख कॅथलिकांस व जुन्या प्रॉटेस्टंटांस सारखेच होते. पण सामान्यतः म्हणावे तर पाणी एक आहे. आणि ज्याचे पाणी चालले तो ख्रिस्ती ठरला, मग "तो खरोखर ख्रिस्ती आहे का?" हा प्रश्नच उरत नाही. दोन्ही घरच्या म्हाताऱ्यांना हे कोणी कधी सांगितलेच नव्हते.

दुसरी कसोटी पंगतीची. येशूने आपल्या शिष्यांबरोबर शेवटचे भोजन केले, त्याच्या स्मरणार्थ भाकर व द्राक्षारस घेतात. ती ख्रिस्ती माणसाची पंगत. येथे मात्र दोघे वेगळे बसतात. कॅथलिक श्रद्धा अशी की ती भाकर खरोखर ख्रिस्ताचे शरीर होते, आणि तो विधी प्रेषितांच्या परंपरेतला दीक्षित पाद्रीच करू शकतो. म्हणून प्रॉटेस्टंटास, मरणाची वेळ किंवा तशीच गंभीर निकड सोडून, तेथे घेता येत नाही, व कॅथलिकाने प्रॉटेस्टंटाच्या मेजावर घेऊ नये असा नियम आहे. प्रॉटेस्टंटांत ह्या भोजनाच्या अर्थावर आपसांत मतभेद आहेत, पण त्यांच्या पुष्कळ मंडळ्या बाप्तिस्मा झालेल्या कोणासही आपल्या मेजावर बोलावतात. म्हणजे एकाकडे दार बंद, तर दुसऱ्याकडे दार उघडे, पण पाहुण्याला येण्याची मनाई.

तिसरी कसोटी सोयरिकीची. सरकारने १८७२ साली ख्रिस्ती विवाहाचा कायदा केला, त्यात ख्रिस्ती तो ख्रिस्ती. पण चर्चचा कायदा निराळा. कॅथलिक मुलीने प्रॉटेस्टंट मुलाशी लग्न करावयाचे तर बिशपांची परवानगी लागते, आणि मुले कॅथलिक चर्चमध्ये वाढविण्यासाठी आपल्याकडून होईल ते सर्व करीन असे वचन तिला द्यावे लागते. पूर्वी तसे वचन दोघांकडूनही घेत. १९७० मध्ये पोप सहावे पॉल ह्यांनी ते बदलले, आणि आता दुसऱ्या पक्षास केवळ त्याची माहिती देतात. तरीही त्या वचनाचा काटा सासरच्या काळजात सलतोच.

माझ्या मित्राच्या घरी परवानगी आली, लग्न वसईकडच्या देवळात लागले, आणि त्यांच्या पाळकांनीही तेथे उभे राहून प्रार्थना केली. मी हजर होतो. सगळे गोड झाले. मग मिस्सेत ती भाकर वाटण्याची वेळ आली. मुलीकडची माणसे रांगेने पुढे गेली. माझा मित्र, त्याचा भाऊ व त्यांची आई बाकावर बसून राहिली. मीही बसलो होतो, पण मी तर परका. ती म्हातारी मात्र जन्मभर त्याच येशूचे नाव घेत आलेली. तिने पदराने डोळे टिपले व मला हळूच म्हणाली, "गुरुजी, माझ्या आजाला गावानं पंगतीतून उठवलं, म्हणून तो ख्रिस्ती झाला. आणि आज मी ख्रिस्ताच्या पंगतीत बाहेर बसले."

मंडळी, माझे हसू तेथे विरले.

मी असे म्हणत नाही की ते दोन्ही बहिष्कार एकच. कॅथलिक पाद्री त्या म्हातारीला अपवित्र समजत नव्हता. तिच्या हातचे खात होता, तिला आई म्हणत होता. त्याची श्रद्धा अशी, की विश्वासात पूर्ण एकी झाल्याशिवाय एका पंगतीला बसणे हे खोटे बोलणे होईल. ह्यात प्रामाणिकपणा आहे आणि त्याचा मान राखला पाहिजे. पण बाकावर बसलेल्याचे दुःख नियमाने कमी होत नाही, हेही तितकेच खरे.

ह्या बाबतीत जग काही हलले नाही असे नाही. १९६२ ते १९६५ मध्ये रोमला दुसरी व्हॅटिकन परिषद भरली. तिने १९६४ च्या नोव्हेंबरात ठराव करून प्रॉटेस्टंटांस 'विभक्त बंधू' म्हटले, त्यांचा ख्रिस्ती म्हणवून घेण्याचा हक्क मान्य केला, आणि फुटीचा दोष दोन्ही बाजूंचा असल्याचे कबूल केले. चारशे वर्षे ज्याला पाखंडी म्हटले त्याला भाऊ म्हणावयास मोठे मन लागते. १९६८ पासून बायबलच्या भाषांतरात दोघांनी मिळून काम करण्याचे नियम ठरले. १९७० साली नागपूरला सहा प्रॉटेस्टंट मंडळ्या आपसांतले भेद मिटवून उत्तर भारताचे एक चर्च झाल्या; 'एकाची शंभर घरे' ह्या फिर्यादीला ते एक कृतीचे उत्तर होते. आणि १९९९ च्या ३१ ऑक्टोबरला, जर्मनीत ऑग्सबर्ग येथे, लूथरपंथी व कॅथलिक ह्यांनी एका कागदावर सह्या केल्या, की माणूस तरतो तो देवाच्या कृपेनेच, सत्कृत्ये हे त्याचे फळ. ज्या मताकरिता घर फुटले त्या मतावर बव्हंशी समेट झाला! २०१६ मध्ये तर पोप फ्रान्सिस स्वतः स्वीडनात लुंड येथे लूथरपंथीयांच्या प्रार्थनेस गेले.

पण खोटा दिलासा देणे मला मंजूर नाही. २००० साली रोमने एक पत्रक काढून सांगितले, की प्रॉटेस्टंट मंडळ्या खऱ्या अर्थाने 'चर्च' नव्हेत. इंग्लंडच्या चर्चच्या पाद्र्यांची दीक्षा व्यर्थ, हा १८९६ चा निर्णय रोमने मागे घेतलेला नाही. प्रॉटेस्टंटांतही, कॅथलिकांना ख्रिस्ती न मानता त्यांना पुन्हा 'तारण' देऊ पाहणारे प्रचारक आहेतच. म्हणजे घर एक म्हणतात, चूल अजून वेगळी.

आपल्या मराठी ख्रिस्ती माणसांनी ह्या भिंतीकडे काही वेगळ्या नजरेने पाहिले, हे मला अभिमानाने सांगावेसे वाटते. पंडिता रमाबाईंचा बाप्तिस्मा १८८३ मध्ये इंग्लंडात, तेथील सरकारी चर्चच्या जोगिणींच्या सहवासात असताना झाला. त्या जोगिणींनी त्यांस आपल्याच चर्चचे सर्व मत जसेच्या तसे घ्यावयास सांगितले. बाईंनी पत्रांतून वाद घातला: मी ख्रिस्ताची झाले, कोणा एका पंथाची दासी झाले नाही, असा त्याचा मथितार्थ. पुढे आपल्याच पुणे जिल्ह्यात केडगावला त्यांनी मुक्तिसदन उभारले आणि शेवटपर्यंत बायबलचे साध्या मराठीत भाषांतर केले. रेव्हरंड नारायण वामन टिळक १८९५ मध्ये ख्रिस्ती झाले. १९१७ मध्ये मिशनची नोकरी सोडून त्यांनी 'देवाचा दरबार' काढला, त्यात बाप्तिस्मा झालेले व न झालेले असे दोन्ही ख्रिस्तभक्त यावेत असा त्यांचा मनोदय होता. आणि वसईचे कॅथलिक पाद्री फादर फ्रान्सिस दिब्रिटो ह्यांनी २०१० मध्ये 'सुबोध बायबल' दिले; २०२० साली धाराशिवच्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले. प्रॉटेस्टंट टिळक आणि कॅथलिक दिब्रिटो, दोघांसही मराठी माणसाने आपले म्हटले. सामान्य लोकांचे तर काय सांगावे! बांद्र्याची मोतमाउली आणि हरेगावची मतमाउली, दोन्ही जत्रांना सप्टेंबरात सगळ्या धर्मांची माणसे लोटतात. तेथे कोणी कोणाला ६६ पुस्तके की ७३, असे विचारीत नाही.

आता एक कडू गोष्ट. ह्या दोन्ही पंथांनी पोप व शास्त्र ह्यांवर जितका वाद घातला, तितका जातीवर घातला असता तर आपल्या देशाचे कल्याण झाले असते. गोव्याच्या कॅथलिकांत बामण, चार्दो, सुदीर हे भेद राहिलेच. प्रॉटेस्टंट मंडळ्यांत महार-मांग हा भेद काही ठिकाणी चर्चच्या दारातून आत शिरला. ह्या बाबतीत मात्र दोघांत उत्तम एकमत! आणि सरकारनेही दोघांस एकाच मापाने मोजले. अनुसूचित जातींसंबंधीच्या राष्ट्रपतींच्या १९५० च्या आदेशाने हिंदूंखेरीज इतर धर्मांच्या दलितांच्या सवलती नाकारल्या. १९५६ मध्ये शिखांस व १९९० मध्ये बौद्धांस त्यात घेतले, ख्रिस्ती व मुसलमान बाहेर राहिले. त्या आदेशाने विचारले नाही, की तू रोमन की अमेरिकन मिशनचा. म्हणूनच त्या आदेशाच्या तारखेस, १० ऑगस्टला, दोन्हीकडच्या देशव्यापी संस्थांनी मिळून निषेधाचा दिवस पाळण्यास सुरुवात केली. दुःखाच्या पंगतीला दोघे एकत्र बसले. सुखाच्या पंगतीचे पाहू.

आता, दादा, तुमच्या प्रश्नाचे उत्तर. आणि माझ्या हसण्याचा हिशेबही.

त्या लग्नाहून परतताना मला माझ्याच नात्यातले एक लग्न आठवले. तेथे जेवणाच्या पंगतीत काही पाहुणे एका बाजूला, निराळ्या रांगेत बसविले होते. कोणी काही बोलले नाही. ते कोण व का, हे सगळ्यांना ठाऊक होते. मी मास्तर, वर्गात मुलांना समतेचा धडा देणारा. मी पाहिले, मान खाली घातली आणि जेवलो. मला कोणत्याही धर्मपरिषदेने बांधलेले नव्हते, माझ्यापुढे कोणाचा नियम नव्हता. तरी मी बोललो नाही. मग मी कोणत्या तोंडाने त्या दोन म्हाताऱ्यांना हसलो? ते निदान आपल्या श्रद्धेसाठी अडले होते. मी लाजेकाजेसाठी गप्प बसलो. आज सभेत हे कबूल करतो, आणि पुढच्या वेळी गप्प बसणार नाही, ह्याला आपण सर्व साक्षी राहा.

दुसऱ्याच्या घरचे भांडण समजून घ्यावयाचे ते एवढ्यासाठीच. परक्याच्या पंगतीतली भिंत लगेच दिसते. आपल्या पंगतीतली दिसावयास आरसा लागतो. पाणी एक असून पंगत वेगळी कशी राहते, हे जो ख्रिस्ती घरात पाहील, त्याला ते आपल्या घरातही दिसेल.

जोतिराव मिशनच्या शाळेत शिकले, पण ख्रिस्ती झाले नाहीत; आणि ख्रिस्ती झालेल्यांशी त्यांनी मैत्रीही तोडली नाही. त्यांच्या निधनानंतर १८९१ साली छापलेल्या 'सार्वजनिक सत्यधर्म पुस्तका'त त्यांनी एक घर कल्पिले आहे. त्या घरात आई बौद्ध होईल, बाप ख्रिस्ती होईल, मुलगी मुसलमान होईल, मुलगा सत्यधर्मी होईल. आणि तरी सर्वांनी एकमेकांचा हेवा न करता प्रेमाने एकत्र नांदावे, असे त्यांचे म्हणणे. एका छपराखाली चार धर्म मावतील असे ज्याला वाटले, त्याच्या देशात एका धर्माचे दोन पंथ एका चुलीवर का मावू नयेत?

माझ्या मित्राच्या भावाला मुलगी झाली आहे. तिचा बाप्तिस्मा कोठे व्हावा ह्यावर पुन्हा दोन्ही घरांत खल झाला. शेवटी ती म्हातारीच म्हणाली, "कुठंही करा. पाणी एकच आहे, असं गुरुजींनीच सांगितलंय. फक्त पोरीला दोन्ही आज्यांकडं सारखं धाडा." वसईच्या देवळात बाप्तिस्मा झाला. ती पोर आता रविवारी कधी मिस्सेस जाते, कधी आजीच्या मांडीवर बसून टिळकांची भजने ऐकते. पंगतीचा प्रश्न तिच्या पिढीतही सुटेल की नाही, मला सांगता येत नाही. पण "समोरचा माणूस ख्रिस्ती आहे का?" हा प्रश्न ती विचारणार नाही, एवढे खास.

दादा, कान धरावयाचा असेल तर मी येथेच उभा आहे.